दोन छोट्या विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ: नकाशावरच्या रेषेपासून वेळापत्रकातल्या मिनिटांपर्यंत

एखाद्या अंतर-गणकात दोन प्रादेशिक विमानतळांची नावं टाकली की तो सांगतो, ४२५ किलोमीटर, ५० मिनिटं. त्याच मार्गावरच्या विमान कंपनीचं वेळापत्रक म्हणतं, १ तास २० मिनिटं. चूक कोणाचीच नाही. गणकाने सरळ रेषेला विमानाच्या वेगाने भागलं आहे. कंपनी मात्र चाकाखालचे ठोकळे निघाल्यापासून पुन्हा लागेपर्यंतचा वेळ मोजते. मधली ३० मिनिटं कुठे जातात ते एकेक करून काढता आलं की कुठल्याही मार्गाचा अंदाज घरबसल्या पाच मिनिटांच्या फरकाने बांधता येतो.

लांब पल्ल्याच्या उड्डाणात हा भागाकार फारसा दगा देत नाही, कारण दहा तासांत ३० मिनिटं पचून जातात. छोट्या मार्गावर तसं होत नाही. टॅक्सी (विमानाचं जमिनीवरून चालत जाणं), चढण, उतरण आणि धावपट्टीच्या रेषेत येणं यांची मिनिटं अंतर कमी झालं म्हणून कमी होत नाहीत. म्हणून छोट्या मार्गाचा वेळ भागाकाराने काढू नये, तुकडे जोडून काढावा. पुढे तेच केलं आहे.

आधी विमानतळ नक्की करा

हास्यास्पद वाटेल, पण सगळ्यात मोठी चूक इथेच होते. एकाच नावाची शहरं जगात बरीच आहेत. सिडनी ऑस्ट्रेलियात आहे तशी कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातही आहे. सॅन होजे कोस्टा रिकात आहे आणि कॅलिफोर्नियातही. चुकीच्या सिडनीत जाऊन उतरलेले प्रवासी एकापेक्षा जास्त वेळा बातम्यांत येऊन गेले आहेत. म्हणून शहराच्या नावावर विसंबू नका, कोड वापरा. तिकिटावर असतो तो आयाटाचा (विमान कंपन्यांची जागतिक संघटना) तीन अक्षरी कोड, वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक वापरतात तो आयकाओचा (संयुक्त राष्ट्रांची हवाई वाहतूक संस्था) चार अक्षरी. लहान धावपट्ट्यांना कित्येकदा तीन अक्षरी कोड नसतोच. आयकाओच्या चार अक्षरांतली पहिली एक-दोन अक्षरं बहुतेक ठिकाणी प्रदेश आणि देश सांगतात, त्यामुळे घोटाळा तिथल्या तिथे लक्षात येतो.

मग अक्षांश-रेखांश. ते शहराचे नकोत, विमानतळाचे हवेत. छोट्या मार्गावर शहराचं केंद्र आणि विमानतळ यांच्यातल्या २०-३० किलोमीटरांनी उत्तर पाच-सात टक्क्यांनी हलतं. प्रत्येक देश वैमानिकी माहिती पुस्तिका प्रसिद्ध करतो. तिला सगळे एआयपीच म्हणतात. तिच्यात प्रत्येक विमानतळाचा संदर्भबिंदू दिलेला असतो, साधारण धावपट्टीच्या मध्याजवळचा. खात्रीचा आकडा तो.

हा आकडा अंश-मिनिट-सेकंदात असतो, आणि गणकाला दशांश अंश लागतात. इथे भलेभले घसरतात. ४४°१२′३६″ म्हणजे ४४.१२३६ नव्हे. मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३६०० ने भागायचं: ४४ + ०.२० + ०.०१ = ४४.२१. चुकीचं लिहिलं तर तो बिंदू साडेनऊ किलोमीटर दक्षिणेला सरकतो. उत्तर दिसायला ठीकठाकच येतं, म्हणून चूक लवकर सापडत नाही. दक्षिण अक्षांशाला आणि पश्चिम रेखांशाला उणे चिन्ह लावायचं. शिवाय क्रम बघा. विमानवाले अक्षांश आधी लिहितात, पण संगणकावरच्या काही नकाशा-फाइलींत रेखांश आधी येतो.

अंतर: आधी कागदावर, मग सूत्राने

उदाहरणासाठी दोन काल्पनिक विमानतळ घेऊ. 'अ' आहे ४४°१२′३६″ उत्तर, १०°३०′ पूर्व, म्हणजे ४४.२१ आणि १०.५०. 'ब' आहे ४७°०५′२४″ उत्तर, १४°०६′ पूर्व, म्हणजे ४७.०९ आणि १४.१०.

आकाशात अंतर सागरी मैलांत मोजतात, आणि त्याला कारण आहे. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे जवळपास एक सागरी मैल, म्हणून एक अंश म्हणजे ६०. १९२९ पासून त्याची लांबी नेमकी १८५२ मीटर धरली जाते. तासाला एक सागरी मैल म्हणजे एक नॉट. रस्त्यावरचा मैल १६०९ मीटरचा. दोन्हींची गल्लत केली की उत्तर १३ टक्क्यांनी चुकतं. आपल्या उदाहरणात ४२५ किलोमीटरचे ३७० होतील.

हजारेक किलोमीटरच्या आतल्या अंतराला, ध्रुवांच्या फार जवळ नसाल तर, पायथागोरसवर काम भागतं. अक्षांशांतला फरक २.८८ अंश, गुणिले ६० म्हणजे १७२.८ सागरी मैल उत्तरेकडे. रेखांशांतला फरक ३.६ अंश, गुणिले ६० म्हणजे २१६. पण रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जाताना एकमेकींजवळ येतात, म्हणून हे २१६ मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचे. मधला अक्षांश ४५.६५, त्याचा कोसाइन ०.६९९, म्हणजे पूर्वेकडे १५१ सागरी मैल. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की २२९.५. किलोमीटरमध्ये ४२५.० भरतात.

हा कोसाइन विसरला तर पूर्वेकडचं अंतर २१६ च राहतं आणि एकूण २७७ सागरी मैल येतात. विषुववृत्ताजवळ ही चूक दिसत नाही, कारण तिथे कोसाइन जवळपास १ असतो. तिथे बरोबर चाललेलं कोष्टक साठ अंश अक्षांशावर नेलं की पूर्व-पश्चिम अंतर थेट दुप्पट सांगू लागतं.

स्प्रेडशीटमध्ये शेकडो जोड्या काढायच्या असतील तर हॅवरसाइन सूत्र वापरा. ते लहान-मोठ्या दोन्ही अंतरांना चालतं. पायऱ्या अशा:

१. चारही कोन रेडियनमध्ये बदला, म्हणजे ३.१४१५९ ने गुणून १८० ने भागा.

२. अक्षांशांतल्या फरकाच्या निम्म्याचा साइन काढून वर्ग करा. इथे १.४४ अंशांसाठी ०.०००६३१५.

३. रेखांशांतल्या फरकाच्या निम्म्याचा साइन-वर्ग काढा (१.८ अंश, ०.०००९८६६). त्याला दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनने गुणा (०.७१६८ × ०.६८०८). उत्तर ०.०००४८१५.

४. दोन्हींची बेरीज ०.००१११३०. तिचं वर्गमूळ ०.०३३३६२.

५. त्याचा व्यस्त साइन घेऊन दुप्पट करा: ०.०६६७३६. पृथ्वीच्या ६३७१ किलोमीटर सरासरी त्रिज्येने गुणा. ४२५.२ किलोमीटर, म्हणजे २२९.६ सागरी मैल.

कागदावरच्या हिशेबाशी ताडून बघा. फरक ०.१ सागरी मैलाचा. म्हणूनच कागदावरचा हिशेब आधी करावा असं म्हणतो. सूत्राने अचानक ९,००० किलोमीटर सांगितले तर डोळा लगेच तिथे अडतो. असं उत्तर आलं की शंभरातल्या नव्वद वेळा कोन रेडियनमध्ये बदलायचे राहिलेले असतात.

पृथ्वी गोल नाही, किंचित चपटी आहे: विषुववृत्तावर त्रिज्या ६३७८.१ किलोमीटर, ध्रुवाकडे ६३५६.८. त्यामुळे गोल धरून काढलेलं अंतर फार तर अर्ध्या टक्क्याने चुकतं. आपल्या उदाहरणात फरक अर्ध्या किलोमीटरच्याही आत, म्हणजे विमानाच्या तीनेक सेकंदांचा. १९७५ मध्ये विन्सेंटी यांनी दिलेली चपट्या पृथ्वीची पद्धत सर्वेक्षणाला लागते. उड्डाणाच्या वेळेसाठी तिच्या मागे लागू नका. अचूकता कमी पडते ती दुसरीकडेच.

जाताजाता दिशाही काढून ठेवा, वाऱ्याच्या हिशेबाला लागेल. कागदावरच्या त्रिकोणातून १५१ भागिले १७२.८ चा व्यस्त टॅन घेतला की साधारण ४१ अंश मिळतात, म्हणजे ईशान्य. नेमक्या सूत्राने 'अ' वरून निघताना ४० अंश येतात आणि 'ब' ला पोहोचताना अडीच अंश जास्त, कारण सर्वात जवळच्या वाटेवर दिशा सतत थोडी थोडी वळत असते. स्प्रेडशीटमध्ये दोन आकड्यांचा व्यस्त टॅन वापरत असाल तर एक सापळा आहे. एक्सेल आडवा आकडा आधी मागतं, बहुतेक प्रोग्रॅमिंग भाषा उभा आकडा आधी मागतात. क्रम उलटला की दिशा ४० ऐवजी ५० येते, आणि ५० काही वेडंवाकडं दिसत नाही.

सरळ रेषेवर कोणीच उडत नाही

विमान धावपट्टीच्या दिशेने उठतं, तुमच्या मार्गाच्या दिशेने नव्हे. त्यानंतर ठरवून दिलेली निर्गमन वाट, मग हवाई मार्गांवरचे बिंदू, शेवटी आगमन वाट आणि धावपट्टीच्या रेषेत येणं. मध्ये लष्करी हवाई क्षेत्र असेल तर त्याला वळसा, ढगांचा गडगडाट असेल तर आणखी एक.

वैमानिकी नकाशे हाताशी नसतील तर कामचलाऊ नियम असा: सरळ अंतरात पाच टक्के मिळवा, वर दहा सागरी मैल दोन्ही टोकांच्या वळणांसाठी धरा. २३० चे २४१, अधिक दहा, म्हणजे अंदाजे २५०. टक्क्यांच्या वरचे हे दहा मैल काढून टाकू नका. ८० सागरी मैलांच्या उड्डाणातही ते तेवढेच लागतात, आणि नुसत्या टक्केवारीने छोट्या मार्गाचा अंदाज नेहमीच कमी येतो.

ज्या मार्गावर विमानं रोज उडतात तिथे अंदाज बांधत बसण्याची गरज नाही. फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर या विमानांचा मागोवा घेणाऱ्या संकेतस्थळांवर आठवडाभराच्या वाटा पाहा. एका दिवसाच्या नोंदीवर मात्र जाऊ नका. त्या दिवशी धावपट्टी कोणत्या बाजूने चालू होती त्यावर पंधरा-वीस मैल इकडेतिकडे होतात.

वेळ: तुकडे जोडा

आता विमान घेऊ. प्रादेशिक मार्गांवर एटीआर-७२ जातीचं टर्बोप्रॉप, म्हणजे पंखेवालं विमान, बरंच दिसतं. माहितीपत्रकात त्याचा समतल उड्डाणाचा वेग २७५ नॉटच्या आसपास, म्हणजे ताशी ५१० किलोमीटर. २३० भागिले २७५, झाली ५० मिनिटं. सुरुवातीचा गणक तो हाच. खरा हिशेब असा लागतो.

चढण. वैमानिकाच्या घड्याळावर चढताना १७० नॉट दिसतात. पण हवा विरळ होत जाते, आणि दर हजार फुटांना खरा वेग दर्शनी वेगापेक्षा साधारण दोन टक्क्यांनी वाढतो. मधल्या ९,००० फुटांवर तो २०० नॉट होतो. भरलेल्या विमानाला १७,००० फुटांपर्यंत चढायला सुमारे १७ मिनिटं लागतात, तेवढ्यात ५५ सागरी मैल मागे पडतात. उकाड्यात किंवा उंचावरच्या विमानतळावरून इंजिनाची ताकद घटते. अशा वेळी चढणीला तीन-चार मिनिटं जास्त धरा.

उतरण. जुना ठोकताळा आहे की हजार फूट उतरायला तीन सागरी मैल. 'ब' समुद्रसपाटीपासून हजार फुटांवर असेल तर उतरायचे फूट १६,०००, म्हणजे ४८ मैल. गोळाबेरीज ५० धरू. त्यातले पहिले ३८ मैल सुमारे नऊ मिनिटांत जातात. शेवटचे १२ मैल धावपट्टीच्या रेषेत, फ्लॅप (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्या) आणि चाकं खाली, वेग १४०-१५० नॉट. तिथे पाच मिनिटं.

मधला भाग. २५० वजा ५५ वजा ५०, उरले १४५ मैल. भरलेल्या विमानाला २७० नॉट धरले तर ३२ मिनिटं.

बेरीज: १७ + ३२ + ९ + ५ = ६३ मिनिटं हवेत. ज्या वेगाची जाहिरात होते त्या वेगाने विमान निम्मा वेळच उडालं.

तीच बेरीज छोट्या जेटसाठी करून पाहा, म्हणजे मुद्दा आणखी स्पष्ट होईल. समतल वेग ४४० नॉट, उंची २८,००० फूट. चढणीला १५ मिनिटं आणि ८५ मैल. उतरण ९० मैलांची, शेवटच्या पाच मिनिटांसकट १९ मिनिटं. मध्ये ७५ मैल उरतात, त्यांना १० मिनिटं. एकूण ४४. वेग ६० टक्क्यांहून जास्त, वेळ वाचला १९ मिनिटं. बहुतेक देशांत १०,००० फुटांखाली २५० नॉटची वेगमर्यादा असते. जेटला ती बांधते, टर्बोप्रॉपला क्वचितच शिवते. अंतर आणखी कमी केलं, समजा १२० मैल, तर जेट १५,००० फुटांपर्यंत जाऊन लगेच उतरायला लागतं आणि फरक सात-आठ मिनिटांवर येतो. छोट्या मार्गांवर पंखेवाली विमानं टिकून आहेत ती त्यामुळे, आणि इंधन कमी पितात म्हणून.

याचं अगदी टोकाचं उदाहरण स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांत आहे. वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे, अंतर २.७ किलोमीटर. वेळापत्रकात दोन मिनिटं लिहिलेली असतात, आणि वारा साथीला असताना हे उड्डाण एक मिनिटाच्या आतही झालं आहे. तिथे समतल उड्डाण असा भागच नसतो.

वारा

वाऱ्याची दिशा सांगतात ती तो कुठून येतो त्याची. '२७० अंश, ४० नॉट' म्हणजे पश्चिमेकडून येणारा. आपला मार्ग ४० अंशांचा. वारा वाहतो ९० अंशांकडे. दोन्हींत ५० अंशांचा कोन. ४० गुणिले कोसाइन ५०, म्हणजे जवळपास २६ नॉटचा पाठीमागचा वारा. ४० गुणिले साइन ५०, म्हणजे ३१ नॉटचा आडवा. आडव्या वाऱ्याला तोंड देण्यासाठी विमान साडेसहा अंश डावीकडे नाक करून उडतं. त्यात वेगाचे दीड-दोन नॉट जातात, ते सोडून द्या. जमिनीवरचा वेग झाला २९४ नॉट. परत येताना २४३.

मधले १४५ मैल जाताना ३० मिनिटांत, येताना ३६ मिनिटांत. चढण-उतरणीत आणखी दोन-तीन मिनिटांचा फरक पडतो. म्हणून एकाच मार्गाचा जाण्याचा आणि येण्याचा वेळ वेगळा दिसला तर ती छपाईची चूक समजू नका.

आणि 'जाताना मिळालेलं येताना गेलं, हिशेब बरोबर' असंही नसतं. मार्गाच्या रेषेतच ६० नॉट वारा असेल तर जाताना २६.४ मिनिटं, येताना ४१.४, बेरीज ६७.८. वारा नसताना ती ६४.४ असते. उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं, सुलट्यात कमी वेळ असतं, त्यामुळे फेरी नेहमी तोट्यातच जाते. वारा जितका जोरात आणि विमान जितकं सावकाश, तितका तोटा मोठा.

वारा ज्या उंचीवर उडणार त्या उंचीचा घ्या. विमानतळावर पानही हलत नसताना १७,००० फुटांवर ५० नॉट असू शकतात. आणखी एक बारीक गोष्ट: हवामानाच्या छापील अहवालात वाऱ्याची दिशा खऱ्या उत्तरेपासून असते, नियंत्रक बोलून सांगतो ती चुंबकीय उत्तरेपासून. जिथे दोन्हींत १५-२० अंशांचा फरक आहे तिथे हिशेब करताना मिसळ करू नका.

छोट्या विमानतळांची खास मिनिटं

मोठ्या विमानतळावर रांगेत वेळ जातो. छोट्यावर रांग नसते, पण मिनिटं दुसऱ्या वाटांनी जातात, आणि हे ज्याला माहीत नाही त्याचा अंदाज इथे फसतो.

पहिली वाट धावपट्टीवरच. पुष्कळ छोट्या विमानतळांवर समांतर टॅक्सीवे नसतो. विमान धावपट्टीवर मधूनच शिरतं, तिच्यावरूनच टोकापर्यंत चालत जातं, तिथे वळतं आणि मग उठतं. धावपट्टीचे १,८०० मीटर २० नॉटने चालायचे तर तीन मिनिटं, वळायला आणखी एक. तोपर्यंत धावपट्टी अडलेली. वर दुसरं विमान आलं असेल तर त्याने घिरट्या घालायच्या. ठरलेल्या घिरटीचा एक फेरा चार मिनिटांचा असतो: एक मिनिट वळण, एक मिनिट सरळ, पुन्हा तेच. त्यामुळे उशीर बहुधा चार-चारच्या हप्त्यांत वाढतो.

दुसरी, रडार नसणं. नियंत्रकाला पडद्यावर विमान दिसत नसेल तर एकाच वाटेवर मागेपुढे जाणाऱ्या दोघांत तो मैलांऐवजी मिनिटांचं अंतर ठेवतो, सर्वसाधारणपणे १० मिनिटं किंवा जास्त. पाच मिनिटांच्या फरकाने दोन विमानं त्याच दिशेला निघणार असतील तर दुसरं जमिनीवर थांबतं.

तिसरी वाट धावपट्टीच्या चालू बाजूची. आपल्या उदाहरणात समजा दोन्हीकडे धावपट्टी ०४-२२ आहे, म्हणजे ४० आणि २२० अंशांची. वारा पश्चिमेकडून, म्हणून उठणं-उतरणं २२० अंशांकडे तोंड करून. जायचंय ईशान्येला आणि उड्डाण नैर्ऋत्येला! थोडं वर चढून अर्धं वर्तुळ घ्यायचं, नेहमीच्या दराने त्याला एक मिनिट लागतं. सरळ चढणीसकट तीन-चार मिनिटं गेली. 'ब' ला तर आणखी वाईट. विमान नैर्ऋत्येकडून येतं, विमानतळ खिडकीतून दिसतो, बाजूने निघूनही जातो, आणि दहा मैल पुढे जाऊन विमान वळून परत येतं. प्रवाशांना वाटतं वैमानिक चुकला. पाच-सहा मिनिटं इथे. म्हणजे ज्या वाऱ्याने मधल्या भागात दोन-तीन मिनिटं दिली, त्यानेच दोन्ही टोकांना नऊ-दहा काढून घेतली.

यावरून एक उपयोगी सवय: दोन्ही विमानतळांच्या धावपट्ट्यांचे क्रमांक आधी पाहून ठेवा. क्रमांकाला शून्य जोडलं की चुंबकीय दिशा मिळते. मार्गाची दिशा आणि त्या भागातला नेहमीचा वारा यांच्याशी जुळवलं की पाच-दहा मिनिटं मिळवायची की नाही ते ठरवता येतं.

चौथी, उतरण्याची पद्धत. उपकरणांची सोय साधी असेल आणि ढग खाली असतील, तर विमान आधी विमानतळावरच्या दिशादर्शक केंद्रावर येतं, तिथून बाहेर जातं, वळतं आणि मग उतरायला येतं. सहा ते आठ मिनिटं सहज. स्वच्छ हवेत हेच विमान डोळ्यांनी पाहून थेट उतरतं.

वेळापत्रकातला आकडा

हवेतल्या ६३ मिनिटांत जाताना सात आणि आल्यावर चार मिनिटं टॅक्सी धरली की ७४. याला ब्लॉक टाइम म्हणतात. कंपनी त्यात मार्गाच्या अनुभवानुसार काही मिनिटं राखून पाचाच्या पटीत छापते. म्हणून १ तास १५ किंवा २०. वेळापत्रकापेक्षा १५ मिनिटांच्या आत पोहोचलेलं उड्डाण या धंद्यात वेळेवर समजलं जातं, तेव्हा दहा मिनिटं लवकर पोहोचल्याचं फार कौतुक वाटून घेऊ नये.

वेळापत्रकावरून उलटा हिशेब करताना दोन्ही वेळा स्थानिक असतात हे ध्यानात ठेवा. पोहोचण्याची वजा निघण्याची, असं थेट करू नका. आधी दोन्ही यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, आणा. फरक नेहमी पूर्ण तासांचा असतो असंही नाही. भारत यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, नेपाळ पावणेसहा, त्यामुळे दोघांमधल्या उड्डाणात १५ मिनिटं अशीच गायब किंवा जास्त दिसतात. काही देश उन्हाळ्यात घड्याळ तासाने पुढे करतात, आणि शेजारचा करत नसेल तर वर्षातून दोनदा हिशेब बदलतो.

तुमचा अंदाज पडताळायचा तर त्या मार्गाच्या दहा-बारा उड्डाणांचे उठणं ते टेकणं हे वेळ घ्या, ओळीने मांडा आणि मधला आकडा निवडा. सरासरी नको, कारण एखादा वादळाचा दिवस ती बिघडवतो. मागोवा घेणाऱ्या संकेतस्थळांची एक मर्यादा छोट्या विमानतळांवर हमखास दिसते. विमानाचे संकेत पकडणारे त्यांचे अँटेना जमिनीवर असतात, आणि आसपास अँटेना नसेल किंवा डोंगर आडवा असेल तर विमान तीन-चार हजार फुटांखाली गेलं की पडद्यावरून नाहीसं होतं. मग टेकण्याची वेळ येतच नाही, किंवा अंदाजाने भरलेली असते. आलेखात उंची शून्यापर्यंत गेली नसेल तर ती नोंद बाजूला ठेवा.

दारापासून दारापर्यंत

विमान की रस्ता हे ठरवताना ७४ मिनिटांची तुलना गाडीच्या तासांशी करणं म्हणजे स्वतःची फसवणूक. रस्ता सरळ रेषेच्या साधारण १.२ ते १.४ पट लांब असतो, डोंगर किंवा खाडी आडवी आली तर आणखी. आपले ४२५ किलोमीटर रस्त्याने ५१० ते ६०० होतात. ताशी ७० ची सरासरी धरली तर साडेसात-साडेआठ तास. विमानाच्या बाजूला घरून विमानतळ, चेक-इन बंद होण्याआधीचा तास-दीड तास, उतरल्यावर सामान आणि पुढची गाडी मिळून तीन तास धरा, म्हणजे एकूण सव्वाचार. इथे विमान उघड जिंकतं. सरळ अंतर २०० किलोमीटरवर आलं की रस्त्याला साडेतीन-चार तास, विमानालाही जवळपास तेवढेच, आणि मग मध्ये समुद्र किंवा डोंगररांग आहे का हाच प्रश्न उरतो.

परतीचं त्याच दिवशी धरत असाल तर विमानतळाचे कामकाजाचे तास तपासा. पुष्कळ छोटे विमानतळ चोवीस तास उघडे नसतात आणि काहींना रात्रीचे धावपट्टीचे दिवे नसतात. टर्बोप्रॉपला उतरून पुन्हा निघायला २५-३० मिनिटं पुरतात. म्हणून एकच विमान दिवसभर अशा चार-सहा फेऱ्या मारतं आणि सकाळचा २० मिनिटांचा उशीर संध्याकाळपर्यंत तासाभराचा होतो. सूर्यास्ताच्या आधी अर्ध्या तासावर ठेवलेलं दिवसाचं शेवटचं उड्डाण अशा विमानतळावर आधी रद्द होतं. त्याच दिवशी परतायचं असेल तर त्याच्या आधीच्या फेरीचं तिकीट काढा.